आतल्या बाजूचा पॅड

जूनमध्ये ऑफिसला जाताना हायवेवर घाटकोपरच्या उतारावर हँडब्रेकचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. हँडब्रेक तर पूर्ण खाली होता. उतार संपला, दिवा गेला. घरी येऊन बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी ‘मिन’च्या रेघेला टेकली होती. मी डॉट ३ ब्रेक ऑइलची छोटी बाटली आणून डबी ‘मॅक्स’पर्यंत भरली आणि आपण गाडीची किती काळजी घेतो, या समाधानात जेवायला बसलो.

हाच दिवा ऑइल कमी झाल्यावरही लागतो, तो खरं तर चहाडी करत होता. ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क आणि तिला दोन बाजूंनी चिमटणारे दोन पॅड. पॅड झिजले की त्यांना दाबणाऱ्या चिमट्याचा, म्हणजे कॅलिपरचा, पिस्टन तेवढा बाहेर सरकतो, त्याच्यामागे झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि वरच्या डबीतली पातळी खाली जाते. गळती नसताना पातळी उतरली, तर आधी पॅड बघायचे असतात. मी ऑइल ओतून चहाडीखोराचं तोंड बंद केलं. त्याचे पैसे पुढे फेडले, ते सांगतोच.

सप्टेंबरात डाव्या चाकातून किर्र आवाज यायला लागला. सिग्नलला थांबताना शेवटच्या दोन फुटांत पाटीवर खडू तिरका धरून ओढल्यासारखा. आमची मारुती २०१२ची, मुलुंड पूर्व ते माटुंगा रोजचं जाणं-येणं. म्हणजे विक्रोळीपासून सायनपर्यंत पाय ब्रेकवरच. शिवाय पावसाळ्यात गांधी मार्केटपाशी तुंबलेल्या पाण्यातून दोनदा गेलेली. नेहमीच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं उकिडवं बसून चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, “साहेब, पॅड अजून दहा हजार आरामात चालतील. माती गेली असेल.” आठवड्याभरानं आवाज वाढला तेव्हा त्याच माणसानं पॅड आणि डिस्क मिळून ९,८०० रुपये सांगितले. दहा हजार किलोमीटरचे दहा हजार रुपये कसे झाले, हे मी विचारलं नाही. पण त्याच रात्री ठरवलं, हे आपण घरीच करायचं.

घरी म्हणजे सोसायटीच्या आवारात. आणि ‘आपण’ म्हणजे मी आणि माझे सासरे, अण्णा. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. आयुष्यभर त्यांनी बसच्या ब्रेकचे ड्रम आणि लायनर हाताळले, कारची डिस्क त्यांना खेळण्यातली वाटते. पण त्यांची एक अडचण आहे. मी जावई. मला ते ‘तुम्ही’ म्हणतात आणि माझ्यावर ओरडू शकत नाहीत. त्यामुळे तीन दिवस सगळी बोलणी माझ्या बायकोमार्फत माझ्यापर्यंत आली. “पोरी, जावईबापूंना सांग, पाना ढकलायचा नसतो, ओढायचा असतो. निसटला तर बोटं फुटतात.” मी दीड फुटावर उभा.

खरेदी दोन ठिकाणी झाली. हत्यारांसाठी मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड, १,७०० रुपयांना आणि ठरलेल्या जोरापर्यंतच पिळणारा टॉर्क पाना २,४०० ला. पान्याच्या गोट्यांचा सेट आणि जाडी मोजायचा व्हर्नियर अण्णांकडचा. घोड्यांवर काटकसर करू नये. गाडीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर चाकाच्या कमानीत डोकं घालायचं नाही, हे अण्णांनी मला पहिल्यांदाच थेट सांगितलं.

पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथल्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, “ओरिजिनल चाहिए या चलनेवाला?” हा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं, इतका प्रामाणिकपणा शोरूममध्ये मिळत नाही. ओरिजिनल, बिलासकट, असं सांगितल्यावर त्यानं आरसी मागितली आणि चेसिस नंबरावरून पार्ट नंबर काढला. हे महत्त्वाचं, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे डिस्कचा व्यास आणि जाडी बदलते. डिस्कची जोडी ३,६००, दोन्ही चाकांचे मिळून चार पॅड १,४५०. ब्रेक क्लीनरचा स्प्रे ३५०, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब १२०.

डिस्क बदलायलाच हवी का, हा वाद शनिवारी रात्री झाला. खालच्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, लेथवर टर्निंग मारून डिस्क सपाट करून घ्या, दोनशे रुपयांत काम. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, आमच्या डिस्कवर १५ मिमी. व्हर्नियर लावला तर १६.८ आलं. काका खूश. पण व्हर्नियरचे जबडे टेकले होते डिस्कच्या काठावर, जिथे पॅड पोचतच नाही आणि न झिजलेल्या लोखंडाची उंच कडा राहते. अण्णांनी खिशातून दोन एकेक रुपयाची नाणी काढली, कडेच्या आत झिजलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक धरली, नाण्यांसकट माप घेतलं आणि नंतर नुसत्या नाण्यांची जाडी वजा केली. १४.६. काका चहा न घेताच गेले.

रविवारी सकाळी आठला सुरुवात. सेक्रेटरी येऊन सांगून गेले की पेव्हर ब्लॉकवर तेलाचा एक थेंब दिसता कामा नये. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा अंथरला. पेव्हर ब्लॉकवर घोडीचे पाय रुततात आणि ब्लॉक कलंडतो, म्हणून प्रत्येक घोडीखाली प्लायवूडचा जाड तुकडा. मागच्या चाकांना विटा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर. पुढचे ब्रेक उघडायचे असल्यानं हँडब्रेक लावून चालतो, तो मागच्या ड्रमवर काम करतो. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव आटा सैल केले, वर उचलल्यावर चाक नुसतं गरगरतं. काढलेलं चाक बाजूला न ठेवता दाराच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवलं. घोडी दगा देईल तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. बायकोनं कागदावर ‘ब्रेक दाबू नये’ लिहून स्टिअरिंगला चिकटवलं, कारण आमच्या चिरंजीवांना बंद गाडीत बसून ती चालवायला फार आवडतं.

एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू जशीच्या तशी असली की क्लिप कुठली कुठे, हे जाऊन बघता येतं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की डाव्या कॅलिपरची पाठ बाहेर येते. खालचा आणि वरचा पिन-बोल्ट काढला आणि कॅलिपर पुढेमागे हलवत उचलला. तो रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नसतो, आत होज तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. कपडे वाळत घालायच्या नायलॉन दोरीनं तो स्प्रिंगला बांधून ठेवला.

मग पॅड हातात आले. बाहेरच्या पॅडवर सहा मिमी माल शिल्लक. नव्या पॅडवर दहाच्या आसपास असतो, म्हणजे निम्म्याहून जास्त. गॅरेजवाला चाकाच्या फटीतून जे बघत होता, ते हेच. तो खोटं बोलत नव्हता. आतल्या बाजूचा पॅड मात्र संपला होता. एका टोकाला अर्धा मिमी काळा थर, दुसऱ्या टोकाला चकचकीत लोखंडी पाठ आणि तिच्यावर डिस्कनं कोरलेल्या गोल रेघा. पॅड संपत आला की डिस्कला घासून किर्र करणारी पत्र्याची पट्टीही याच पॅडवर होती, घासून तिची चोच वाकलेली. मी पॅड अंगठ्यावर धरून उन्हात बघत राहिलो. मागच्याच महिन्यात आम्ही याच गाडीतून बोरघाट उतरून आलो होतो, चौघं, मागे अण्णा झोपलेले. अण्णांनी पॅड माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा केला आणि मुलीकडे वळून म्हणाले, “पिन जाम आहे.”

अशा कॅलिपरला पिस्टन एकच असतो आणि तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग त्याच दाबाच्या उलट धक्क्यानं अख्खा कॅलिपर दोन पिनांवर आत सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. पिना मोकळ्या सरकल्या तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. आणि पाय उचलल्यावरही तो धड सुटत नाही, घासत राहतो, तापत राहतो. डाव्या चाकाची रिम उजव्यापेक्षा नेहमी काळी असायची. मला वाटायचं, वॉचमन गाडी धुताना डावीकडे हात आखडता घेतो. दिवाळीची बक्षिशी देताना मी हे त्याला ऐकवलंही होतं.

खालची पिन बोटानं सरकत होती. वरची ढिम्म. तिच्या रबरी बूटला चीर गेली होती आणि आत पाणी शिरून ग्रीसचं डांबर झालं होतं. पक्कडीनं धरून, मुरडत, गंज सोडवायचा स्प्रे मारून, परत मुरडत पाऊण तासानं ती बाहेर आली. अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. पॉलिश पेपर मारून बसवून टाकू, असं मी म्हणालो. अण्णा माझ्या बायकोला काहीच म्हणाले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. जावयाला दिलेला तो सगळ्यात स्पष्ट नकार होता.

गॅरेजमध्ये याआधी दोनदा पॅड बदलून झालेत, बिलं माझ्या फायलीत आहेत. दोन्ही वेळा वरची पिन कोणी बाहेर काढून बघितलेली दिसत नव्हती. मी त्या माणसाला फार दोष देणार नाही, त्याच्याकडे दिवसाला दहा गाड्या. पॅड बदलायला अर्धा तास लागतो, पॅड एकाच बाजूला का झिजले हे बघायला एक रविवार. पण तो रविवार माझा होता आणि पैसे दोन्ही वेळा मी दिले होते.

पिन दुसऱ्या दिवशी आणायची, तोवर डिस्क तरी उतरवू. कॅलिपरची चौकट सतरा मिमीच्या पान्याच्या दोन बोल्टांवर असते, ते पान्याला नळाचा जुना पाइप लावून सुटले. आता डिस्क हातात यायला हवी होती. चाकाचे नट सोडले तर तिला धरणारं दुसरं काहीच नसतं. पण तेरा पावसाळ्यांनी ती हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटवून टाकली होती. मी हातोडी घेतली. जुनीच डिस्क, फुटली तर फुटू दे, असा विचार. “पोरी, त्या हबच्या मागे बेअरिंग आहे, ते जुनं काढून नवं टाकायचा विचार आहे का विचार.” हातोडी खाली ठेवली.

डिस्कच्या तोंडावर समोरासमोर दोन आटेवाली भोकं असतात. इतकी वर्षं ती कशासाठी आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट थोडे थोडे करून, आळीपाळीनं पिळायचे. बोल्टची टोकं हबवर टेकतात आणि डिस्क स्वतःलाच मागे ढकलते. रविवारी दुपारी हार्डवेअरची दुकानं बंद. पण आमच्या घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नट-बोल्ट साठवायची परंपरा आहे, तीन डबे उपडे केल्यावर एक मोडक्या टेबलफॅनचा आणि एक कशाचा कोण जाणे, असे दोन बोल्ट निघाले. अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे. चौथ्या फेरीला ‘टण्ण’ असा आवाज झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या आणि कोणाचं काय फुटलं, म्हणून विचारू लागल्या.

त्या रात्री गाडी घोडीवर, तीन चाकांची. वॉचमनला गाडीला हात न लावण्याबद्दल तीनदा सांगितलं. रिमवरून त्याला उगाच बोललो होतो हे मनात होतं, त्यामुळे चौथ्यांदा सांगताना आवाज आपोआप नरमला.

सोमवारी लोकलनं माटुंगा, येताना कुर्ल्याला उतरून परत सीएसटी रोड. पिना आणि बूटचा संच, २८० रुपये. ९,८०० च्या कामामागचं खरं दुखणं एवढ्याला मिळतं.

संध्याकाळी हबचं तोंड वायर ब्रशनं घासलं. यात मी अर्धा तास घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. हबवर गंजाची एक खपली राहिली तर डिस्क केसभर तिरकी बसते, तो केस काठापाशी मोठा होतो, दर फेरीला पॅड एकाच जागी घासतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कुठे जाड, कुठे पातळ होते आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात, डिस्क वाकली. वाकत बहुधा नाही, बसवतानाच तिरकी बसलेली असते. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो ब्रेक क्लीनर आणि स्वच्छ फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसला. जुन्या पॅडची काळी धूळ मात्र फुंकायची नाही, ती श्वासात जाते, ओल्या फडक्यानं टिपून घ्यायची.

नव्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस रबराला फुगवतं आणि पुन्हा तेच जाम प्रकरण. दोन पिनांपैकी एकीला टोकाशी रबराची बुशी असते, ती ज्या भोकातली त्याच भोकात जाते, हे जुन्या पिना काढतानाच बघून ठेवलं होतं. मग चौकट, पॅड, किर्र करणारी पट्टी आतल्या बाजूला. आता पिस्टन मागे ढकलायचा, कारण नवे पॅड जाड. सुताराचा सी-क्लॅम्प लावून, जुना पॅड मध्ये धरून, मी सावकाश पिळत होतो, तेवढ्यात बॉनेटपाशी उभी असलेली बायको ओरडली, “अहो, वरून सांडतंय!”

जूनमधलं ऑइल. पिस्टन मागे गेला की त्यामागचं ऑइल डबीत परत येतं. मी ती आधीच काठोकाठ भरून ठेवलेली. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे इंजिनाच्या कप्प्यातल्या रंगावर आधी बादलीभर पाणी, मग मुलाला औषध पाजायच्या सिरिंजनं डबीतलं जादा ऑइल उपसणं. सिरिंज फेकून दिली, पेव्हर ब्लॉकवरचा डाग अजून आहे. सेक्रेटरींना तो चहाचा वाटतो.

सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला. तो ‘कट्’ करून थांबतो तेव्हा फार बरं वाटतं. अण्णांना पटलं नाही, त्यांचा टॉर्क पाना खांद्यात आहे. चाक बसवून गाडी खाली घेतली, मी आत बसून सवयीनं चावीला हात घातला आणि अण्णा पहिल्यांदा थेट माझ्यावर ओरडले, “आधी पेडल!” पेडल दाबलं तर सरळ तळाला. पोटात खड्डा पडला. पिस्टन मागे ढकललेला असतो, पॅड आणि डिस्कमध्ये अंतर, ते पेडल मारूनच भरून काढायचं. दुसऱ्यांदा निम्म्यावर, चौथ्यांदा घट्ट. गाडी आधी हलवली असती तर समोरच्या कंपाउंडच्या भिंतीनं ब्रेकचं काम केलं असतं. ओरडल्याबद्दल अण्णा नंतर बराच वेळ संकोचले होते.

उजवी बाजू मंगळवारी रात्री, दिव्याच्या उजेडात. पन्नास मिनिटं. पिना मोकळ्या, पॅड दोन्ही सारखे साडेतीन मिमी. लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

नव्या पॅड-डिस्कची ओळख व्हावी लागते. बुधवारी पहाटे साडेपाचला ऐरोली पुलावर गेलो. छोट्या गाड्यांचा टोल २०२४च्या ऑक्टोबरात गेल्यापासून तिथे हेलपाटे मारायला काही वाटत नाही. मागे कोणी नाही बघून साठवरून वीसपर्यंत एकसारख्या दाबानं ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं धावून वारा द्यायचा, परत. असं दहा वेळा. पहिल्या तीन-चार वेळा ब्रेक लाकडी लागत होता, मग जळका वास आला आणि त्यानंतर पायाखाली काहीतरी घट्ट धरल्यासारखं झालं. खाडीवर उजाडत होतं. परतीच्या वाटेवर पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता चालवली.

आवारात येऊन आधी डाव्या रिमजवळ तळहात नेला, मग उजव्या. परत डाव्या. दोन्ही सारख्याच गरम.

हिशेब बायकोनं केला. पार्ट आणि सामान ५,८००, हत्यारं ४,१००, एकूण ९,९००. गॅरेजपेक्षा शंभर रुपये जास्त. अण्णांनी जुन्या डिस्क भंगारवाल्याला दिल्या, साडेसात किलो, तीस रुपयांनी २२५. म्हणजे सव्वाशेचा फायदा, असं त्यांनी जाहीर केलं आणि त्याचे स्टेशनाबाहेर सगळ्यांना वडापाव खिलवले.

संपलेला पॅड मी श्रीखंडाच्या डब्यात ठेवलाय. ब्रेक ऑइल मात्र पूर्ण बदलायचं राहिलंय. ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ चा नवा असताना २०५ अंश, पाणी धरल्यावर १४० पर्यंत. बोरघाटात असं ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं. काम दोन माणसांचं, एक पेडलवर, एक चाकाशी. परवा फोनवर अण्णांनी मुलीला विचारलं, “जावईबापूंना पुढच्या रविवारी वेळ आहे का?” फोन स्पीकरवर होता.